मंग मला खा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सोमवारी पटावरच्या ३४ मुलांपैकी १९ हजर होती. आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. दसरा झाला की गावात ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. कोणाची टोळी सांगली-कोल्हापूरकडे, कोणाची कर्नाटकात. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ मागे राहतात. माझ्या पुढ्यात बसलेली १९ ही मागे राहिलेली मुलं होती.

त्यांतला दुसरीतला एक मुलगा जूनपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. हजेरीला हात वर करायचा, पाटीवर सांगितलेलं अक्षर गिरवायचा आणि ‘वाच’ म्हटलं की मान खाली घालायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी ‘बोलत नाही’ असं लिहून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात एके दुपारी, खिचडीची ताटं धुऊन झाल्यावर, मला खिडकीतून त्याचा आवाज ऐकू आला. लिंबाच्या झाडाखाली अंगणवाडीतल्या धाकट्या बहिणीला घेऊन बसला होता आणि तिला गोष्ट सांगत होता. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ भेटला, ती गोष्ट. वाघाला एक आवाज, म्हातारीला दुसरा. वाघाने ‘खाऊ का तुला’ म्हटलं की जरा थांबायचा, बहिणीकडे बघायचा आणि मग म्हातारीचं उत्तर द्यायचा. बहीण मुंग्या बघत बसली तेव्हा त्याने गोष्ट तोडली आणि म्हणाला, “हं म्हण की. हं म्हनल्याबिगर फुडं जात न्हाई गोष्ट.”

मी खिडकीआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. वहीतली ती ओळ त्याच दिवशी खोडली. पाच महिने मी त्याला एकेक अक्षर विचारत होते, आणि त्याच्याजवळ सबंध गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तीच गोष्ट सांगितली, आणि ती पडली. मुलांनी हाताची घडी घालून ऐकून घेतली. मी सांगत होते ती पुस्तकातली, प्रमाण भाषेतली, नीट बेतलेली गोष्ट होती. ‘तूपरोटी खाईन’ म्हटल्यावर तिसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “आमच्या आजीच्या गोष्टीत तूपपोळी खाती, म्याडम. आन् वाघाच्या आदी कोल्हं येतं.” मी विचारलं, “मग तू सांगतेस का?” ती लाजली. “मला न्हाई येत. आजीला येती.”

गावात गोष्टी सांगणाऱ्या म्हणून नावाजलेल्या आजी निघाल्या त्या माझ्या अबोल विद्यार्थ्याच्याच. मी घरी गेले तेव्हा त्या अंगणात बाजरी पाखडत होत्या. शाळेत या म्हटलं तर हसल्या. “म्या अंगठेबहाद्दर. शाळेत यिऊन काय करू, बाई?” गोष्ट सांगा म्हटलं तर एकदम गंभीर झाल्या. “दिसा गोष्ट सांगत न्हाईत. दिसा सांगितली की मामा वाट चुकतो.”

मी ही समजूत आधीही ऐकली होती. पण ज्या गावातले सगळे मामा, काका, आई, बाप त्या वेळी खरोखर वाटेवर होते, तिथे ती वेगळीच ऐकू आली. ‘असं काही नसतं’ म्हणणं माझ्या तोंडी आलं होतं, ते मी गिळलं. आजींना विचारलं, “आम्ही वर्गात रात्र केली तर?” त्यांनी सूप खाली ठेवलं.

आता शनिवारी दप्तराविना शाळा असते, आनंददायी शनिवार. त्या शनिवारी आम्ही खिडक्यांना सतरंज्या टांगल्या, दार लोटलं आणि मध्ये एक कंदील ठेवला. मुलांनी चपला बाहेर काढल्या आणि आपोआप कुजबुजत आत आली. आजी भिंतीला टेकून बसल्या खऱ्या, पण बोलेनात. हात रिकामे असले की तोंड चालत नाही म्हणाल्या. मग चौथीतला एक जण पळत जाऊन घरून सूपभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला.

त्यानंतर जे मी पाहिलं ते मला डी.एड.च्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. आजी शेंगा फोडत सांगत होत्या. म्हातारी चालत होती तोवर शेंगा एका लयीत फुटत होत्या. कट्, कट्, कट्. कोल्हं समोर आलं तशी शेंग बोटांत तशीच राहिली, फुटली नाही. सगळा वर्ग त्या एका शेंगेकडे बघत होता. “म्हातारे म्हातारे, खाऊ का तुला?” कट्. “थांब रे बाबा. लेकीकडं जाईन, तूपपोळी खाईन, गलेलठ्ठ होईन, मंग मला खा.” आणि दर दोन वाक्यांनी त्या थांबत. हुंकारा आल्याशिवाय पुढे जात नव्हत्या. पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. मग कोपऱ्यातून एक ‘हं’ आला. तो त्यांचा नातू होता. शाळेच्या खोलीत त्याने उच्चारलेला तो पहिला आवाज. दहा मिनिटांत सगळा वर्ग ‘हं’ म्हणत होता, पण पहिला त्याचा असायचा.

पुढच्या आठवड्यात मी म्हातारीचं ते उत्तर मोठ्या अक्षरांत चार पट्ट्यांवर लिहिलं. मुलांना ते तोंडपाठ होतं, त्यामुळे बोट ठेवून ती घडाघडा ‘वाचू’ लागली. हे वाचन नाही, पाठांतर आहे, हे मला कळत होतं. म्हणून पट्ट्या उलटसुलट केल्या. ‘गलेलठ्ठ होईन’ आधी लावलं आणि ‘लेकीकडं जाईन’ नंतर. तोंड एक म्हणतंय आणि बोट दुसरंच दाखवतंय, हे लक्षात आल्यावर मुलं थांबली. तिथे खरं वाचन सुरू झालं. माझ्या अनुभवात या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची जागा ही आहे. गोष्टीतलं पालुपद मुलाला आधीच येत असतं, त्यामुळे छापलेल्या ओळीला ते घाबरत नाही. आणि ती ओळ थोडी मोडली की ती जोडण्यासाठी त्याला अक्षरांकडे बघावंच लागतं.

मग पट्ट्यांचे शब्द कापले. जाईन, खाईन, होईन हे तीन शब्द एकाखाली एक ठेवले, तर माझा अबोल विद्यार्थी शेपटाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे समदीकडं सारखंच हाय.” ‘ईन’ त्याने स्वतः शोधला. त्या दुपारी मुलांनी येईन, घेईन, देईन, पिईन, धुईन असे फळाभर शब्द काढले. ‘पळीन’ आणि ‘बसीन’ही आले. घरी तसंच म्हणतात. मी ते पुसले नाहीत. शेजारी ‘पळेन’, ‘बसेन’ लिहिलं आणि सांगितलं, हे घरचं, हे पुस्तकातलं, दोन्ही वाचता आलं पाहिजे.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही, हे इथे सांगायला हवं. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका शंभर वर्षांपूर्वी गोष्टीचा हात धरूनच मुलांपर्यंत पोचत होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या काढल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा: मूल जिथे असेल तिथे शाळेने जायचं. ही नावं मी परीक्षेपुरती पाठ केली होती. लिंबाच्या झाडाखालच्या त्या दुपारनंतर त्यांचा अर्थ लागला.

नाटकाकडे मी वळले ती मात्र चुकीच्या वाटेने. २६ जानेवारी जवळ आला होता. म्हातारीची गोष्ट इतकी रंगलीय तर बसवू या नाटुकलं, असं मी आणि शेजारच्या वर्गाच्या सरांनी ठरवलं. मी संवाद लिहून काढले. स्पष्ट बोलणारी पाच मुलं निवडली, बाकीची झाडं झाली. वाघाला तालुक्याहून मुखवटा आणला. तीन आठवडे तालीम चालली. एकेक वाक्य मी म्हणायचे, मुलं माझ्यामागून म्हणायची. कार्यक्रमाच्या दिवशी ध्वजवंदनानंतर माइकसमोर वाघ आपलं वाक्य विसरला. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी बाजूने सांगितलं, त्यांनी ते म्हटलं, टाळ्या पडल्या. पण जी गोष्ट नोव्हेंबरात जिवंत होती ती मी तीन आठवड्यांत मारली होती. दोन महिन्यांपूर्वी ‘खाऊ का तुला’ म्हणताना ज्याचे डोळे चमकत, तो वाघ आता ते माझ्या आवाजात, माझ्या चढउतारांसकट म्हणत होता. आणि पहिला हुंकारा देणारा मुलगा हिरवा कागद डोक्याला बांधून झाड म्हणून उभा होता. ती चूक माझी होती. मला ती आजही बोचते.

फेब्रुवारीत मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रेक्षक नाहीत, मुखवटा नाही, लिहिलेले संवाद नाहीत. एका प्रशिक्षणात पाहिलं होतं की शिक्षकाने स्वतः पात्र व्हायचं आणि मुलांना गोष्टीच्या आत घ्यायचं. इंग्लंडच्या डोरोथी हिथकोट या शिक्षिकेने ही रीत जगभर नेली. तेव्हा मला ते शहरातल्या शाळांसाठीचं काहीतरी वाटलं होतं. आता आम्ही फरशीवर खडूने एक नागमोडी रेघ काढली. ही रानातली वाट. रेघेवर उभे राहतील ते सगळे म्हातारी. १९ म्हाताऱ्या. कोणी कमरेत वाकलं, कोणी काठी धरली, एकीने पदर खोचून डोक्यावर गाठोडं घेतलं. मी खांद्यावर घोंगडी टाकून समोर गेले आणि म्हणाले, “मला भूक लागलीय. ठरलेलं उत्तर मला पाठ झालंय, ते नको. मी तुम्हाला का सोडू, ते सांगा.”

पहिला मिनिट शांततेत गेला. मला वाटलं, फसलं पुन्हा. मग एक म्हातारी म्हणाली, “म्या वाळल्याली हाय. हाडं घशात अडकतील तुझ्या.” दुसरी म्हणाली, “माझी शेरडं घरी बांदल्यात, त्यास्नी पाणी कोण पाजंल?” तिसरी म्हणाली, “माझ्यापाशी दोन नातवंडं हायती. तू त्यास्नी संबाळणार का? मंग खा.” मुलं दिवसभर जे बघत होती, ते सगळं त्या खडूच्या रेघेवर येत होतं. मी वाघच राहिले, गुरगुरत राहिले. मग रेघेच्या टोकाला उभी असलेली चौथीतली मुलगी, जिचे आईवडील त्या वेळी कर्नाटकात होते, पुढे आली. काठी जमिनीवर टेकवून म्हणाली, “उचल फिटायची ऱ्हायलीय. उचल फिटंपर्यंत थांब. मंग मला खा.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं की हा कुठला वाघ. मला क्षणभर घोंगडी काढून शिक्षिका व्हावंसं वाटलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. मी तसं केलं नाही, आणि बरं केलं असं मला वाटतं. वाघ म्हणूनच मान हलवली, रेघेवरून बाजूला झाले आणि १९ म्हाताऱ्या माझ्यासमोरून पुढे गेल्या. नंतर मी त्यावर चर्चा घेतली नाही, ‘आपण यातून काय शिकलो’ असंही विचारलं नाही. मुलाने गोष्टीच्या आडून सांगितलेलं गोष्टीच्या आडच राहू द्यावं. आड आहे म्हणून तर ते सांगता येतं. फक्त मुलांनी त्या दिवशी आपापल्या म्हातारीचं उत्तर वहीत लिहिलं. काहींनी एक ओळ, काहींनी पानभर. माझ्या अबोल विद्यार्थ्याने लिहिलं, ‘वाघा मला सोड माजी आजी एकटी हाय.’ म्हातारीचीच आजी! स्वतःच्या हाताने, न बघता लिहिलेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

उंदराच्या गोष्टींनी वेगळी कामं केली. सात शेपट्यांच्या उंदरावर पहिलीची वजाबाकी झाली: कमरेला सात सुतळ्या खोचलेला उंदीर रोज न्हाव्याकडे जायचा, एक कापून यायचा, आणि पोरं त्याला ‘सहा शेपट्यांचा उंदीर’ म्हणून चिडवायची. शेवटी शून्य शेपट्या राहिल्यावर शून्य म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही, उंदीर रडायलाच लागला. टोपीवाल्या उंदराच्या गोष्टीत चौथीने राजाला अर्ज लिहिला. विषय: टोपी परत मिळणेबाबत. ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू, उंदीर’पर्यंत. पाठ्यपुस्तकातला नमुना अर्ज लिहिताना जे कंटाळतात, ते अर्जात कारण काय द्यायचं यावर भांडत होते. एकाचं म्हणणं, चिंधी सापडलेली होती, म्हणजे मुळात ती टोपी उंदराची नव्हतीच. त्यावर दुसरा म्हणाला, “धोब्यानं धुतली, रंगाऱ्यानं रंगवली, शिंप्यानं शिवली. राजानं काय केलं?” राजा झालेल्या सरांकडे त्याला उत्तर नव्हतं.

विरोध झालाच. ‘शाळंत नुसत्या गोष्टी सांगत्यात’ असं एका आजोबांनी पारावर म्हटलं. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी खिडक्यांवरच्या सतरंज्या बघून पाठ्यपुस्तक कुठवर आलं ते विचारलं. त्यांचा प्रश्न गैर नव्हता. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत शिक्षणाच्या अभियानात तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे, आणि गोष्ट सांगून झाली म्हणून मूल तिथे पोचत नाही. मी त्यांना मुलांच्या वह्या दाखवल्या. ओळखीच्या गोष्टीवर मुलं भरभर वाचत होती, अनोळखी उताऱ्यावर अडखळत होती, हेही दाखवलं. जोडाक्षरं मला साध्या सरावानेच घ्यावी लागली. ‘गलेलठ्ठ’ने सुरुवात करून दिली, पण ‘प्रकाश’ आणि ‘सूर्य’ त्या गोष्टीत येत नाहीत. पाढेही पाठच करावे लागले. फरक एवढाच होता की मार्चमध्ये मी अनोळखी उतारा पुढे ठेवला, तर मान खाली घालणारं कोणी नव्हतं. अडखळत का होईना, सगळी सुरुवात करत होती. त्या आजोबांना पुढच्या शनिवारी गोष्ट सांगायला बोलावलं. त्यांनी खंडोबा-बाणाईची सांगितली, आणि त्यांची ती दोन शनिवार पुरली.

पाडव्याच्या पुढेमागे कारखाने बंद होऊ लागले तसे ट्रक परत आले. फडावर गेलेली मुलं एकेक करून वर्गात दिसू लागली. उन्हाने रापलेली, पाचटीने हात चिरलेली आणि अभ्यासात सहा महिने मागे. दरवर्षी ही मुलं मागच्या भिंतीला बसतात आणि जून येईपर्यंत तिथेच राहतात. या वेळी आम्ही त्यांच्यासाठी सतरंज्या पुन्हा टांगल्या, रेघ पुन्हा काढली.

तिसरीतली एक मुलगी बेळगावकडच्या फडावरून आली होती. तिला विचारलं, वाघ होतेस का? ती रेघेसमोर आली. सगळ्यांत पुढच्या म्हातारीकडे टक लावून बघितलं आणि बोट वाकवून बोलावलं, “बा अज्जी, बा.”

म्हाताऱ्या गोंधळल्या. “आसं काय बोलतंय हे?”

“तिकडचा वाघ हाय,” ती म्हणाली. “तिकडं आसंच बोलत्यात. बा म्हंजी ये.”

वर्ग तिच्याकडे बघत राहिला. खोलीत अंधार होता, कंदिलाची वात थरथरत होती. मागून, भिंतीपाशी, ओळखीचा आवाज आला.

“हं. मंग?”